एका ऑफिसात चौघं, फोन सामायिक: कॉल कुणासाठी आलाय हे उचलायच्या आधी कळेल का?

मांजराकाठ
मंडळी, नमस्कार. लातूरला मार्केट यार्डाजवळ आम्ही चौघांनी मिळून एक गाळा भाड्याने घेतलाय. मी जीएसटी आणि आयकराची कामं बघतो. एक इंजिनिअर आहेत, ते बँकांसाठी घर-प्लॉटचं मूल्यांकन करतात. एक आयुर्विम्याचे एजंट. चौथा पोरगा सेवा केंद्र चालवतो, म्हणजे सातबारा, दाखले आणि पीक विम्याचे अर्ज. भाडं, वीजबिल, इंटरनेट, चहावाला सगळं सामायिक आणि फोनही सामायिक. एक जुनी लँडलाईन आहे, तिचा नंबर चौघांच्याही कार्डावर छापलेला.

अडचण अशी की रिंग वाजली की कुणासाठी ते कळत नाही. जो जवळ असेल तो उचलतो. समोरून आवाज येतो, "साहेब हायेत का?" आता आमच्यात साहेब चार. महिन्याच्या २० तारखेला थ्रीबीमुळे, म्हणजे जीएसटीच्या मासिक विवरणपत्रामुळे, माझ्याकडे फोनांची रीघ असते. पाऊस झोडपून गेला की सेवा केंद्राकडे असते. पिकाचं नुकसान झालेलं असतं, त्यामुळे शेतकरी घायकुतीला आलेला असतो. औशाकडच्या एका शेतकऱ्याचा फोन दुसऱ्याच टेबलावरच्या माणसाने घेतला आणि "साहेब बाहेर गेलेत" म्हणून ठेवला. सेवा केंद्रवाला त्याच खोलीत, चार हातांवर बसला होता.

मला एवढंच हवंय: फोन करणाऱ्याला काही विचारायला लागू नये, काही दाबायला लागू नये, आणि रिंग वाजतानाच कॉल चौघांपैकी कुणासाठी आहे ते कळावं. कुणी असं बसवलंय का?

गंजगोलाई
उचलून "कोण पाहिजे?" विचारा. फुकटात काम होतं.

मांजराकाठ
@गंजगोलाई, तेच चाललंय आजवर. पण निम्म्या लोकांना आमची नावं माहीत नसतात. "ते फॉर्म भरणारे" म्हणतात. फॉर्म आम्ही चौघंही भरतो.

हुरडा_पार्टी
आमच्या परभणीच्या दुकानात दोघा भावांचे धंदे एका काउंटरवर आहेत, कृषी सेवा केंद्र आणि मोटार रिवाइंडिंग. दोन साधे बटणाचे मोबाईल घेतले, एकाला लाल रबर लावलं, दुसऱ्याला हिरवं, रिंगटोन वेगळ्या ठेवल्या. लाल वाजला की बियाणं, हिरवा वाजला की मोटार जळाली. चौघांसाठी चार फोन ठेवा. उगाच मोठ्या भानगडीत कशाला पडता?

आमराई
चार मोबाईल टेबलावर म्हणजे चार चार्जर, आणि त्यातला एक कायम कुणाच्यातरी खिशात घरी गेलेला. त्यापेक्षा चार नंबर घ्या आणि चारही एकाच हँडसेटवर फॉरवर्ड करा की.

सर्किटवाला
@आमराई, इथेच गाडी रुळावरून घसरते. फॉरवर्ड केलेला कॉल हँडसेटवर येतो तेव्हा स्क्रीनवर दिसतो तो फोन करणाऱ्याचा नंबर. त्याने चारपैकी कोणता नंबर फिरवला होता हे साध्या मोबाईलवर बहुतेक वेळा दिसतच नाही. म्हणजे चार नंबरांचे पैसे भरून शेवटी प्रश्न तोच: साहेब कोणते?

मूळ गोष्ट ध्यानात घ्या. फोन *कुणाचा* आलाय ही एक माहिती, आणि फोन *कोणत्या नंबरावर* आलाय ही दुसरी. बाजारातली सगळी साधनं पहिलीच्या मागे लागलेली आहेत. तुम्हाला हवी आहे दुसरी. जी व्यवस्था फिरवलेला नंबर शेवटपर्यंत जपून आणते तीच तुमच्या कामाची.

शिवाय *४०१# वाली फॉरवर्डिंगची सोय दूरसंचार विभागाने १५ एप्रिल २०२४ पासून थांबवली आहे. भामटे लोकांकडून तो कोड दाबून घ्यायचे आणि त्यांचे ओटीपीचे कॉल स्वतःकडे वळवायचे. ऑफिसचा कारभार फॉरवर्डिंगवर उभा करू नका.

तेरणेचा_पाहुणा
आता कॉल करणाऱ्याचं नाव आपोआप दिसायची सरकारी सोय येतेय म्हणे. मग प्रश्नच मिटला.

सर्किटवाला
ती सीएनएपी. दूरसंचार नियामक ट्रायने फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याची शिफारस केली. त्यात फोन करणाऱ्याचं नाव दिसेल. नाव दिसलं तरी त्या माणसाला जीएसटीचं काम आहे की सातबाऱ्याचं, ते कसं कळणार? एकाच माणसाची दोन्ही कामं असू शकतात, लातुरात तर असतातच.

वाळूजकर
मी वाळूज एमआयडीसीत बरीच वर्षं ईपीएबीएक्स, म्हणजे ऑफिसातलं छोटं टेलिफोन एक्स्चेंज, बसवायचं काम केलंय, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

जुन्या ईपीएबीएक्सलासुद्धा हे जमतं. त्याला ट्रंक लँडिंग म्हणतात. बाहेरून आलेली प्रत्येक लाईन म्हणजे एक ट्रंक, आणि कोणती ट्रंक कोणत्या एक्स्टेन्शनवर, म्हणजे आतल्या कोणत्या फोनवर, वाजवायची ते प्रोग्राम करता येतं. पहिली लाईन तुमच्या टेबलावर, दुसरी इंजिनिअर साहेबांच्या. दिवसाची लँडिंग वेगळी, रात्रीची वेगळी असंही ठेवता येतं. डिस्प्लेवाला की-फोन असेल तर त्यावर लाईनला नाव देता येतं आणि तिचा दिवा वेगळा लागतो. रिसेप्शनवरची ताई दिवा बघूनच उचलते, "नमस्कार, जीएसटी विभाग".

अट एकच, माणसागणिक लाईन वेगळी पाहिजे. आणि लाईन घेताना कुणी "हंटिंग लावून देतो" म्हणालं तर नको म्हणा. हंटिंगमध्ये एकच नंबर फिरवतात आणि जी लाईन मोकळी असेल तिच्यावर कॉल पडतो. एकाच कंपनीच्या ऑफिसला ते झकास. चौघांच्या चार धंद्यांना नाही.

हुरडा_पार्टी
चार लँडलाईन? आता तांब्याची तार देतंय कोण?

वाळूजकर
खरंय. आता बहुतेक ठिकाणी फायबरच्या डब्यातून फोनचं पोर्ट मिळतं. त्यातून निघणारी वायर ईपीएबीएक्सला जोडता येते, काम तसंच चालतं. लाईट गेली की डबा बंद आणि फोनही बंद, एवढं लक्षात ठेवा. तांब्याच्या तारेला वीज एक्स्चेंजमधून मिळायची, घरात अंधार असला तरी फोन वाजायचा. आता डबा, ईपीएबीएक्स आणि फोन तिन्ही इन्व्हर्टरवर घ्या. आपल्याकडे उन्हाळ्यात याचा हिशेब आधी मांडायचा, फोनचा नंतर.

वर्गशिक्षक_ट्यूशनवाले
आमच्या लातूरच्या क्लासला आयव्हीआर लावलंय. प्रवेशासाठी १, फीसाठी २, हॉस्टेलसाठी ३. नीटचा निकाल लागल्यावर जे फोन येतात ते त्याशिवाय झेपलेच नसते. तुम्ही चौघं आहात, चार बटणं ठेवा. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात स्वच्छ उपाय.

मांजराकाठ
सर, तुमच्याकडे फोन करणारे पालक शिकलेले असतात, आणि प्रवेशासाठी ते थांबायला तयार असतात. आमच्याकडचा शेतकरी बांधावरून फोन लावतो. रेंज जातेय-येतेय, मागे मळणी यंत्र चालू. रेकॉर्डिंग वाजलं की "मशीन बोलायलीय" म्हणून ठेवून देतो. त्याच्याकडून बटण दाबून घ्यायचं मला पटत नाही. सोय आमची, मग त्रासही आम्हीच घ्यावा.

वर्गशिक्षक_ट्यूशनवाले
तसं सरसकट म्हणता येणार नाही हो. अहमदपूर, उदगीरच्या खेड्यांतून पालक फोन करतात, अडाणी म्हणावेत असेही. बरोबर बटण दाबतात. गॅस बुकिंगने सगळ्यांना सवय लावलीय. रेकॉर्डिंग लहान ठेवा आणि आपल्या बोलीत ठेवा, मग लोक ऐकतात. पुण्याच्या बाईचा आवाज लावला की ठेवतात.

काळी_माती
आमच्या वडलांचं सांगतो, ते बटण दाबतात पण वेळेत दाबत नाहीत. फोन कानावरून काढायचा, चष्मा लावायचा, १ शोधायचा, तोवर तिकडून "आपण कोणताही पर्याय निवडलेला नाही". मग आमच्यावर चिडतात. त्यामुळे माझं मत मांजराकाठ यांच्या बाजूने.

बी_बियाणं_जालना
जालन्यात बियाण्याच्या धंद्यात मे-जूनला फोनचा नुसता कल्ला असतो. आमच्याकडे विक्री, वाहतूक आणि तक्रार असे तीन नंबर वेगळे छापलेत. पिशवीवर फक्त तक्रारीचा नंबर, डीलरच्या पावतीवर फक्त विक्रीचा. ज्या कागदावर जो नंबर, तिथूनच अर्धी निवड होऊन जाते. मशीन कुठलंही घ्या, पण आधी कागद वेगळे करा.

सर्किटवाला
@बी_बियाणं_जालना यांनी मुद्द्यावर बोट ठेवलंय. आता माझी रीत सांगतो. बीडला तीन वकील आणि एका आर्किटेक्टच्या सामायिक ऑफिसात हेच बसवलंय.

ऑपरेटरकडून, म्हणजे फोन कंपनीकडून, सिप ट्रंक (इंटरनेटवरून येणारी फोनची लाईन) घ्यायची, त्यावर चार नंबर. यांना डीआयडी म्हणतात. पीआरआय घेऊ नका, ती मोठ्या ऑफिसांची डिजिटल लाईन, ३० चॅनेलची असते, चौघांना काय करायची? एकाच वेळी तीन-चार कॉल चालले म्हणजे झालं. एका कॉलला दोन्ही दिशांना साधारण ९० केबीपीएस लागतात, तुमचं फायबर त्याला पुरून उरेल. मध्ये एक छोटा संगणक, त्यावर ॲस्टेरिस्क. ते संगणकालाच ईपीएबीएक्स बनवणारं, १९९९ पासूनचं मुक्त सॉफ्टवेअर आहे. वरून फ्रीपीबीएक्स टाकलं की ब्राउझरमध्ये सगळं दिसतं, कोड लिहावा लागत नाही.

इनबाउंड रूट नावाचं पान उघडा आणि नंबरागणिक एक रूट करा, म्हणजे त्या नंबरावरचा कॉल कुठे वाजवायचा ते लिहा. इथे बहुतेक जण अडकतात. ऑपरेटर फिरवलेला नंबर कोणत्या रूपात पाठवतो ते आधी बघा. कुणी ०२३८२ सकट पाठवतो, कुणी ९१ लावून, कुणी फक्त शेवटचे आकडे. रूटमध्ये लिहिलेला आकडा हुबेहूब जुळला नाही तर कॉल सर्वसाधारण रूटवर पडतो, म्हणजे सगळ्यांचेच फोन वाजतात आणि तुम्ही पुन्हा पहिल्या पायरीवर. एक कॉल करून लॉगमध्ये आलेला आकडा बघायचा आणि तोच उतरवायचा.

त्याच पानावर सीआयडी (म्हणजे कॉलर आयडी) नेम प्रीफिक्स म्हणून रकाना असतो. तिथे जे लिहाल ते फोनच्या पडद्यावर नावाच्या आधी दिसतं. इंग्रजी लिपीत आणि तीन-चार अक्षरांतच लिहा. स्वस्तातल्या डेस्क फोनवर देवनागरीचे चौकोन उमटतात, आणि लांब लिहिलं तर पुढचं नाव पडद्याबाहेर जातं.

त्याखाली अलर्ट इन्फो. तो मजकूर फोनपर्यंत जातो आणि फोन त्याप्रमाणे रिंग निवडतो. प्रत्येक कंपनीच्या फोनला तो वेगळ्या धाटणीत लागतो, तेव्हा फोन चारही एकाच कंपनीचे घ्या. एवढं केलं की कुठलाही फोन कुणीही उचला, बघूनही कळतं आणि ऐकूनही कळतं.

आमराई
रिंग कोणती ठेवली वकिलांना?

सर्किटवाला
सगळ्यात ज्येष्ठ वकिलांना सनई. आता सनई वाजली की आर्किटेक्ट ओरडतो, "अहो, वऱ्हाड आलं तुमचं!"

गंजगोलाई
विमा एजंटाला भजन लावा. लोक उचलायच्या आधी हात जोडतील.

स्पर्श
हा धागा वाचून राहवलं नाही. मी नांदेडला एका सरकारी कार्यालयात टेलिफोन ऑपरेटर आहे आणि मला दिसत नाही. आमच्यापैकी पुष्कळ जण या कामात आहेत.

पडद्यावर नाव आलं, दिवा लागला, रबर लाल की हिरवं, या सगळ्याचा मला काही उपयोग नाही. मला लागतो आवाज. रिंग वेगळी ठेवा असं वर आलंय, ते बरोबर आहे, पण रिंगा निवडताना डोळे मिटून निवडा. फोनमध्ये आधीपासून भरलेल्या दहा रिंगांतल्या सहा एकमेकींसारख्या असतात. शांत खोलीत वेगळ्या वाटतात, पंखा आणि माणसांच्या गलबल्यात एक होतात. सुरांपेक्षा तालाचा फरक कानाला लवकर कळतो. एक लांब, दोन आखूड, लांब-आखूड-लांब. जुन्या ईपीएबीएक्समध्ये बाहेरच्या कॉलची आणि आतल्या कॉलची घंटी अशी तालानेच वेगळी असायची, ती मी अजून झोपेतही ओळखीन.

आणि चारपेक्षा जास्त रिंगा माणसाच्या लक्षात राहत नाहीत. माझ्या राहतात कारण ते माझं काम आहे. नवीन मुलगी आठवडाभर गोंधळते. त्यावर माझ्या एका मित्राच्या बँकेत फार चांगला इलाज आहे. तो फोन उचलतो तेव्हा आधी फक्त त्याच्या कानात एक शब्द येतो, "कर्ज" किंवा "ठेव", आणि मग समोरचा जोडला जातो. समोरच्याला तेवढा वेळ रिंगच ऐकू येते. तुमच्या यंत्रात हे होत असेल तर नक्की करा. उचलणारा कुणीही असला तरी चुकत नाही.

सर्किटवाला
@स्पर्श, मनापासून आभार. हे होतं. क्यू, म्हणजे आलेल्या कॉलची रांग, केली तर त्यात एजंट अनाउन्समेंट असते, उचलणाऱ्याला आधी ती ऐकू येते आणि मग कॉल जुळतो. रेकॉर्डिंग एकाच शब्दाचं ठेवायचं. लांबलं तर इकडचा "हॅलो हॅलो" करत बसतो. क्यूमध्ये समोरच्याला संगीत की रिंग ते निवडता येतं, तिथे रिंग ठेवायची. आणि तालाचं तुम्ही म्हणता ते बीडला तपासून बघतो, तिथे सुरांवरच निवडलंय.

मांजराकाठ
स्पर्शजी, "डोळे मिटून निवडा" हे मी आमच्या चौघांना वाचून दाखवलं. विमावाले म्हणाले, हेच पाहिजे.

आता एक अडचण. जुना लँडलाईन नंबर सोडता येत नाही. जिल्हाभर पसरलाय, पानटपरीच्या पाटीवरसुद्धा आहे. तो चौघांचाच राहणार. त्याचं काय करू?

वाळूजकर
तो ठेवा. एफएक्सओ गेटवे नावाची डबी मिळते, तिच्या पोर्टात लँडलाईन लावली की कॉल त्याच संगणकात येतो. दोन गोष्टी सांगून ठेवतो. एक, कॉलर आयडी डीटीएमएफ पद्धतीने येतो की एफएसके पद्धतीने, ते डबीत जुळवावं लागतं, नाहीतर नंबर दिसतच नाही. दुसरी, समोरच्याने फोन ठेवल्यावर लाईन सुटतेय का ते बघा. ठेवल्याची खूण डबीला ओळखता आली नाही तर लाईन तासभर अडकून राहते आणि लोकांना एंगेज लागतं. ती खूण म्हणून पोलॅरिटी रिव्हर्सल (लाईनचे अधिक-उणे उलटणं) मिळतं का ते लाईनमनला विचारा.

सर्किटवाला
आणि त्या नंबरावर कोणता नंबर फिरवला यावरून काहीच कळणार नाही, तिथे मात्र फोन करणाऱ्यावरूनच ओळखावं लागेल. चौघांनी मिळून एकच फोनबुक ठेवा आणि नावाआधी कामाची खूण लिहा. ज्यांचं काम एकाकडेच आहे, त्यांचे कॉल थेट त्याच्याकडे वळवता येतात. अनोळखी नंबर आला तर चौघांना वाजू द्या. हळूहळू अनोळखी कमी होत जातात.

रानजाई
सगळे येणाऱ्या कॉलवर बोलताहेत, जाणाऱ्याचं कुणी बोललंच नाही. आमच्या उदगीरच्या ऑफिसात सगळे कॉल एकाच मुख्य नंबरावरून बाहेर जायचे. मी एखाद्या आडत्याला फोन केला आणि त्याने उचलला नाही, तर तो परत फोन करणार त्या मुख्य नंबरावर, आणि म्हणणार, "तुमचा मिस कॉल होता". कुणाचा? माझा, का अकाउंटंटचा, का गोदामातल्या दादांचा? आमचा निम्मा गोंधळ आमच्याच मिस कॉलांनी केलेला होता.

प्रत्येकाचा बाहेर जाणारा कॉल त्याच्याच नंबरावरून जाईल असं केलं. दुसऱ्या दिवसापासून फरक.

सर्किटवाला
ताई, लाखातलं बोललात. आउटबाउंड सीआयडी, म्हणजे बाहेर दिसणारा नंबर, एक्स्टेन्शनवारी लावायचा. आणि एक खोच: १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाईनवरून मोबाईलला आधी ० लावावा लागतो. डेस्क फोनच्या मिस कॉल यादीत नंबर बिनशून्याचा येतो, रीडायल दाबलं की लागत नाही, आणि लोक फोनला शिव्या देतात. आउटबाउंड रूटमध्ये १० आकडी मोबाईल नंबराला आपोआप ० लागेल असं करून ठेवा.

आमराई
सिप ट्रंक महाग पडत असेल तर सिम घालायच्या गेटवेची पेटी मिळते की ऑनलाईन.

वाळूजकर
जपून. इंटरनेटने आलेले परदेशी कॉल सिमवरून देशात सोडणाऱ्या सिमबॉक्सवर पोलिसांच्या धाडी पडतात. तुमचा हेतू तो नाही हे मान्य, पण परवानाधारक ऑपरेटरकडून रीतसर नंबर घ्या, कागद जवळ ठेवा आणि निवांत झोपा.

काळी_माती
एक विचारू? सगळ्यांना सगळ्यांचे कॉल दिसणार, मग खाजगीपण? माझं कर्ज कुणाकडे आहे हे विमावाल्याला कळलेलं मला चालणार नाही.

रानजाई
रास्त प्रश्न. आमच्याकडे आधी ज्याचा कॉल त्याच्याच फोनवर चार घंट्या, त्याने नाही उचलला तरच बाकीच्यांकडे. आणि उचलणाऱ्याने फक्त नाव, गाव आणि "परत फोन करायला सांगतो" एवढंच बोलायचं. काम काय आहे ते विचारायचंच नाही. हे भिंतीवर लिहून लावलंय.

मांजराकाठ
हे आमच्याकडेही करणार. फक्त सेवा केंद्राचा नंबर पावसाळ्यात पहिल्या घंटीपासून चौघांकडे वाजवायचा असं आम्ही ठरवलंय. त्या दिवसांत शेतकऱ्याचा फोन कुणीही घ्यावा, पण वाजत राहू नये. उचलणाऱ्यासाठी एक कागद टेबलावर चिकटवतोय: नाव, गाव, गट नंबर, कोणतं पीक, पाणी कधी शिरलं. तेवढं लिहून घेतलं की पुढचं पोरगा बघेल.

चार नंबरांसाठी ऑपरेटरकडे अर्ज केलाय. कार्डं वेगवेगळी छापतोय, प्रत्येकावर एकच नंबर. कानातल्या शब्दांसाठी चौघांनी शब्द निवडले: कर, घर, विमा, शेती.

स्पर्श
"कर" आणि "घर" बदला. फोनवर दोन्ही एकसारखे ऐकू येतात. "जीएसटी" आणि "मूल्यांकन" ठेवा. आणि "पीक विमा" म्हणणारे तुमच्या विमा एजंटाकडेही जाणार, तेव्हा त्यांच्यासाठी "आयुर्विमा" असा पूर्ण शब्द घ्या.

मांजराकाठ
बदलले. रेकॉर्डिंग उद्या करतो. आवाज कुणाचा घ्यावा?

वर्गशिक्षक_ट्यूशनवाले
सेवा केंद्रातल्या पोराचाच घ्या. पण गल्लीतली वर्दळ थांबल्यावर, रात्री नऊनंतर करा, नाहीतर "शेती"च्या मागे ऑटोचा हॉर्न येईल.